तर आणि तरच

'नोंदणी केली असेल तर धान घेतला जाईल' आणि 'नोंदणी केली असेल तरच धान घेतला जाईल' या दोन वाक्यांत फरक एका अक्षराचा. पहिले वाक्य शब्द देते: तुम्ही नोंदणी करा, धान घेणे आमच्याकडे लागले. दुसरे वाक्य असा कुठलाच शब्द देत नाही. नोंदणी नसलेल्याने केंद्रावर येऊ नये, एवढेच ते सांगते. नोंदणी असूनही धानात 17 टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला आणि ट्रॅक्टर माघारी गेला, तर पहिले वाक्य खोटे पडते. दुसऱ्याला धक्काही लागत नाही. आधारभूत किमतीने धान विकायला निघालेल्या शेतकऱ्याच्या कानावर बहुधा पहिले वाक्य आलेले असते आणि नियम चालतो तो दुसऱ्याप्रमाणे. त्या एका 'च'मध्ये हंगामाचा हिशेब अडकतो.

तर्कशास्त्रात या फरकाला नावे आहेत. पहिल्या वाक्यात नोंदणी ही पुरेशी अट आहे, दुसऱ्यात ती आवश्यक अट आहे. नावे ठाऊक नसली तरी फरक सगळ्यांना जाणवतो. 'जेवलास तरच खेळायला जायचं' असे आईने बजावले की पोर विचारते, 'जेवलो तर नक्की सोडशील ना?' आईच्या 'तरच'मधून ते स्वतःसाठी 'तर' मिळवू पाहत असते. एवढी जाण आपल्याला लहानपणीच येते. पुढे कागद समोर आला, त्यावर शिक्का दिसला, की ती कुठे जाते, हा या पुस्तकामागचा प्रश्न आहे.

पुस्तकाचा विषय आहे रोजच्या वापरातल्या शब्दांचा नेमका अर्थ. तर, तरच, आणि, किंवा, पासून, पर्यंत, सर्व, काही, किमान, म्हणजे, समावेश: यांच्यासाठी कोश उघडावा असे कोणाला वाटत नाही. त्यांच्या जोडीला दिवस, पिढी, झाड, तलाव अशी नामे आहेत. ती सगळ्यांना कळतात, पण 'म्हणजे नेमके काय?' असे विचारले की उत्तर देताना जीभ अडखळते.

हा शब्दांचा कीस काढण्याचा उद्योग आहे, असा आक्षेप येणार हे गृहीत धरले आहे. त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. न्यायदर्शनाने खरी चर्चा आणि छल यांत स्पष्ट भेद केला. वाक्छलाचे त्यातले प्रसिद्ध उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचे. बोलणारा म्हणतो, याच्याजवळ नवा कांबळा आहे. ऐकणारा मुद्दाम 'नव' म्हणजे नऊ असे धरतो आणि विचारतो, नऊ कुठे आहेत, दिसतो तर एकच! दोन अर्थ संभवतात हे त्याला कळलेले असते, बोलणाऱ्याला कोणता अभिप्रेत आहे हेही कळलेले असते, तरी तो दुसरा अर्थ पकडतो. छल याला म्हणतात. इथे जो प्रयत्न आहे तो याच्या उलट दिशेचा. दोन अर्थ दिसले की त्यांतला कोणता अभिप्रेत आहे ते विचारायचे, आणि वेळ निघून जाण्याआधी विचारायचे. असे विचारणाऱ्याला 'फाटे फोडतो' म्हणणे अन्यायाचे आहे.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्याला हा विषय टाळताच येत नाही. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, शाळेत आणि तहसिलीत प्रमाण मराठी. दिवसभरात माणूस तीन भाषांतून ये-जा करतो आणि शब्दांच्या सीमा प्रत्येक ठिकाणी थोड्या सरकतात. हिंदीतला 'कल' मागेही जातो आणि पुढेही. मराठीने काल आणि उद्या वेगळे ठेवले. पण मराठीचा 'परवा' पुन्हा दोन्हीकडे जातो. 'परवा आलो', 'परवा येईन' इथे क्रियापद सांभाळून घेते. 'परवाच्या सभेचा कागद' म्हटले की क्रियापद नाही, आणि सभा झाली की व्हायची आहे ते कळत नाही. झाडीबोली तर 'ळ'चा 'र' आणि 'ण'चा 'न' करते. डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचे पानी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आणि तिच्या शब्दसंग्रहासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या कामामुळे इथल्या माणसाला आपला शब्द ठामपणे उच्चारण्याचे बळ मिळाले. तो शब्द कुठवर लागू होतो आणि कुठे थांबतो, हे पाहण्याचे काम त्याच्या पुढचे आहे.

राज्यकारभारही इथे भाषा बदलत आला. मध्य प्रांत, मग जुने मध्य प्रदेश राज्य, 1956मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, 1960मध्ये महाराष्ट्र आणि 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा. प्रत्येक टप्प्याने आपले शब्द मागे ठेवले. मालगुजारी 1951मध्ये संपली, तरी तलाव अजून माजी मालगुजारी म्हणून ओळखले जातात आणि बोलताना त्यांचे सरळ 'मामा तलाव' होतात. गावाचे चराईचे, जळणाचे, वाटेचे, पाण्याचे हक्क ज्यांत लिहिलेले असतात ती 'निस्तारपत्रक' आणि 'वाजिब-उल-अर्ज' ही नावे 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही तशीच ठेवली. ज्या कागदावर गावाचा पाण्यावरचा हक्क लिहिला आहे, त्या कागदाचे नावच गावातल्या तरुणाला उलगडत नाही. हक्क असून तो मागता येत नाही, याची सुरुवात अनेकदा इथून होते.

पुस्तकाचा पहिला भाग मोजणीच्या शब्दांचा आहे, कारण गफलत तिथे सर्वांत जास्त होते आणि उघडही लगेच पडते. 'आठ दिवसांनी या' म्हटले की आपण सोमवारी ऐकून पुढच्या सोमवारी जातो. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोके धरली की आठ. आठवडा या शब्दात आठ आहेत आणि दिवस सात, ते याच मोजणीमुळे. पंधरवडाही तसाच. तेराव्याचा दिवस मोजतानाही मृत्यूचा दिवस पहिला धरतात. दोन्ही टोके धरणे ही आपल्या भाषेची अंगवळणी पडलेली रीत आहे. कायद्याची रीत वेगळी. 1897च्या केंद्रीय सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 9नुसार, 'पासून' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला की मालिकेतला पहिला दिवस वगळला जातो, आणि 'पर्यंत'चा शब्द वापरला की शेवटचा दिवस धरला जातो. मराठी माणूस 'सोमवारपासून शाळा' म्हणतो तेव्हा सोमवारी शाळा असते. कायद्याच्या मोजणीत तो सोमवार गळतो. काही नियमांत 'पूर्ण दिवस' असे शब्द असतात; तिथे दोन्ही टोके वगळून मधले अख्खे दिवस मोजायचे असतात.

आता सात दिवसांची मुदत घेऊ आणि नोटीस 1 तारखेची धरू. आपल्या घरगुती मोजणीने सातवा दिवस 7 तारखेला येतो. पहिला दिवस वगळून मोजले तर 8 तारखेला. सात पूर्ण दिवस मध्ये जायला हवे असतील तर सभा 9 तारखेच्या आधी घेता येत नाही. शब्द तेच, 'सात दिवस', आणि तारखा तीन. अपील मुदतीत आहे की नाही, सभा वैध की अवैध, हे या तिन्हींतली कोणती मोजणी लागू आहे त्यावर ठरते. म्हणून नोटिशीत दिवसांच्या संख्येसोबत शेवटची तारीख आणि 'ही तारीख धरून' एवढे शब्द असावेत, अशी शिफारस पहिल्या भागात केली आहे.

'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी' यांनाही तिथे स्वतंत्र जागा दिली आहे. सिंचनक्षमता 100 हेक्टरपर्यंत असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, म्हणजे नेमका 100 हेक्टरचा तलावही तिच्याकडे. पैसेवारी 50 पैशांपेक्षा कमी, म्हणजे नेमके 50 पैसे लागलेले गाव त्यात नाही. बोलताना मात्र दोन्ही ठिकाणी आपण 'पन्नासच्या आत', 'शंभरच्या आत' म्हणून मोकळे होतो. उंबरठ्यावर उभा असलेला माणूस आत की बाहेर, हे 'आत' हा शब्द सांगत नाही.

दुसरा भाग जोडणाऱ्या शब्दांचा. 'आधार कार्ड किंवा रेशन कार्ड आणा' म्हटल्यावर दोन्ही आणले तर कोणी हाकलून देत नाही. 'बक्षीस म्हणून सायकल किंवा रोख रक्कम' म्हटल्यावर दोन्ही मागता येत नाहीत. आणि महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, असा नियम आहे. तिथल्या 'किंवा'त निवड कोणाच्याच हातात नाही. 400 मतदारांच्या गावात 60 पुरतात; 1,000 मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 150 होतात, म्हणून 100 पुरतात. वाक्याची शेपटी ऐकली नाही तर 'किंवा' एकट्याने काहीच सांगत नाही.

'आणि' तर याहून अवघड. 'विधवा आणि परित्यक्ता महिलांनी अर्ज करावेत' या वाक्यात एकच बाई दोन्ही असावी अशी कोणाची अपेक्षा नसते. इथला 'आणि' दोन गट एकत्र आणतो. 2006च्या वनहक्क कायद्यात वननिवासी कोण याची व्याख्या करताना जो 'आणि' आला तो मात्र दोन अटी एकत्र करतो: मुख्यत्वे वनात निवास करणारे आणि खऱ्याखुऱ्या उपजीविकेच्या गरजांसाठी वनावर किंवा वनजमिनीवर अवलंबून असणारे. शब्दशः घेतले तर गावठाणात घर आणि जंगलात वहिवाट असलेला माणूस पहिल्याच अटीला अडतो. अखेर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की वनात प्रत्यक्ष घर नसले तरी उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणारे त्यात येतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या पट्ट्यातल्या वस्त्यांना हा फरक पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

त्याच कायद्याच्या नियमांत 2012च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेसाठी दोन अपूर्णांक आहेत. एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत, आणि हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला हव्यात. 300 सदस्यांची ग्रामसभा असेल तर 150 हजर हवेत. महिला किती? 'एक तृतीयांश' एवढेच लक्षात ठेवणारा 300चा तिसरा हिस्सा काढतो आणि 100 म्हणतो. नियमाप्रमाणे 150 हजर असताना 50 महिला पुरतात; 180 हजर असतील तर 60 लागतात. अपूर्णांक ऐकला की 'कशाचा?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरा भाग व्याख्यांचा, आणि पुस्तकाचा सर्वांत भरीव भाग तोच. त्यातला पहिला शब्द पिढी. गावात तीन पिढ्या म्हणजे आजा, बाप आणि लेक. लवकर लग्ने होणाऱ्या घरात एवढ्या तीन पिढ्या साठ वर्षांतही बसतात. वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींसाठी 13 डिसेंबर 2005पूर्वीच्या किमान तीन पिढ्यांची अट घातली आणि खाली स्पष्टीकरण जोडले, की पिढी म्हणजे 25 वर्षांचा कालावधी. झाली 75 वर्षे. म्हणजे पुरावा 1930पर्यंत मागे न्यावा लागतो. पिढी हा नात्याचा शब्द कालमापनाचा झाला. 'आमच्या तीन पिढ्या इथेच राबल्या' असे छातीवर हात ठेवून सांगणारा म्हातारा खोटे बोलत नसतो, आणि त्याचा दावा अपुरा ठरवणारा कागदही आपल्या व्याख्येपुरता चुकीचा नसतो. दोघे वेगवेगळा शब्द उच्चारत असतात. हे ज्याला उमगले, तो आज्याच्या नावाभोवती न अडकता जुन्या नोंदी, बंदोबस्ताचे कागद, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांची लेखी निवेदने शोधायला लागतो. नियमांनी हा पुरावा ग्राह्य मानलेला आहे.

दुसरा शब्द झाड. या प्रदेशाचे नावच झाडीपट्टी, तेव्हा झाड म्हणजे काय हे इथे कोणी शिकवायला नको. 1927च्या भारतीय वन अधिनियमात मात्र 'झाड' या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत यांचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्राने बांबू गवताच्या कुळात घातलेला आहे; ज्या कुळात आपला धान, त्याच कुळात तो. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबू, खुंट आणि वेत गौण वनोपजात धरले आणि त्यावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. एका कायद्यात तो झाड, दुसऱ्यात वनोपज. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतुकीसाठी झगडावे लागले, आणि 2011मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हा ती देशभरची बातमी झाली. 2017च्या दुरुस्तीने जुन्या अधिनियमातल्या 'झाड'मधून बांबू हा एक शब्द वगळला. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरडाचा आणि बांधावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न नव्वद वर्षे एका शब्दाला बांधलेला होता.

याच उदाहरणातून 'म्हणजे' आणि 'समावेश होतो' यांतला भेद स्पष्ट होतो. 'पिढी म्हणजे 25 वर्षांचा कालावधी' ही बंद व्याख्या. तिच्याबाहेर पिढी नाही. 'झाड या शब्दात खुंटाचा समावेश होतो' ही उघडी व्याख्या. झाड कशाला म्हणायचे ते ती सांगत नाही. नेहमीच्या अर्थात न बसणारेही काही आत घेते. खुंटाला आपण कोणी झाड म्हणणार नाही, पण झाड तोडून नेणाऱ्याने 'इथे झाड कुठे आहे?' असे विचारू नये, म्हणून कायद्याला तसे म्हणावे लागले. व्याख्या विचित्र वाटली की आधी तिचा हेतू शोधावा, हा धडा त्यातून मिळतो.

व्याख्या तपासण्याची साधने बाहेरून आणण्याची गरज नाही. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे लक्षणाचे तीन दोष आपल्याकडे शतकानुशतके शिकवले गेले. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी म्हटले तर म्हैसही आत येते: अतिव्याप्ती. गाय म्हणजे कपिल वर्णाचा प्राणी म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते: अव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराचा प्राणी म्हटले तर एकही गाय सापडत नाही: असंभव. हीच कसोटी इथल्या तलावाला लावून पाहिली आहे. 'पाळ घालून अडवलेले पाणी म्हणजे तलाव' म्हटले तर धुऱ्यांनी पाणी धरून ठेवणारी धानाची बांधीही तलाव ठरते. 'बारमाही पाणी असलेला तो तलाव' म्हटले तर उन्हाळ्यात कोरडे पडणारे कितीतरी मामा तलाव यादीतून गळतात. बोडी आणि तलाव यांतली रेघ कुठे ओढायची, हे ठरवताना शेतकरी आकार पाहतो, अभियंता सिंचनक्षमता पाहतो आणि महसुली नोंद जुना शब्द पाहते. यादी दुरुस्तीची असो वा मत्स्यपालनाची, आपला जलसाठा तिच्यात आहे की नाही हे या रेघेवर ठरते.

शेवटचा भाग नकाराचा आणि संदर्भाचा. 'सर्व पोती भिजलेली नाहीत.' अवकाळी पावसानंतरच्या पंचनाम्यात असे वाक्य आले तर त्याचे दोन अर्थ होतात: एकही पोते भिजले नाही, किंवा काही भिजली आणि काही कोरडी राहिली. नुकसानभरपाईच्या दृष्टीने यांत जमीन-अस्मानाचा फरक. उपाय सोपा आहे. 'एकही पोते भिजलेले नाही' किंवा 'काही पोती भिजली, काही कोरडी आहेत' असे लिहावे, आणि जमल्यास आकडा द्यावा. 'काही' या शब्दाचीही अशीच खोड आहे. सगळी पोती भिजलेली असताना 'काही भिजली' म्हटले तर वाक्य काटेकोरपणे खोटे ठरत नाही, पण ऐकणारा 'सगळी नाही' असे समजून जातो. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हा भेद मांडला: शब्दांनी सांगितलेले वेगळे, आणि सांगण्याच्या रीतीतून सुचवलेले वेगळे.

महानुभाव पंथाने हे आपल्या परीने फार आधी ओळखले होते. चक्रधरांची वचने सूत्रपाठात गोळा झाली, आणि कोणते वचन कोणाला, कोणत्या प्रसंगी उद्देशून निघाले त्याचे 'प्रकरण'ही निष्ठेने जपले गेले. प्रकरणावाचून सूत्र लावू नये अशी ती शिस्त. अलीकडच्या काळात नागपूरहून 1990मध्ये 'नवा सुधारक' या नावाने सुरू झालेल्या 'आजचा सुधारक' मासिकातून दि. य. देशपांडे यांनी विवेकवादाची मांडणी स्वच्छ मराठीत केली. शब्द तोलून वापरण्याची ही मराठी परंपरा विद्वानांच्या वर्तुळाबाहेर, ग्रामसभेच्या सतरंजीपर्यंत यावी, अशी माझी तळमळ आहे.

पुस्तक क्रमाने वाचण्याची गरज नाही. शिक्षकांनी मोजणीचा भाग वर्गात घ्यावा. मुले आपल्या घरची उदाहरणे आणतील आणि ती इथल्यांपेक्षा चांगली असतील. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि वनहक्क समित्यांनी जोडशब्दांचा आणि व्याख्यांचा भाग आधी पाहावा. अर्ज लिहून देणाऱ्यांनी, पंचनामे करणाऱ्यांनी नकाराचा भाग जवळ ठेवावा. कायद्याचा सल्ला मात्र हे पुस्तक देत नाही. प्रश्न कसा विचारायचा ते दाखवते.

भाषा धूसर असते आणि ते तिचे सामर्थ्यही आहे. 'दहा-बारा माणसे येतील' या वाक्याने स्वयंपाकाचा अंदाज येतो आणि दोन माणसे वाढली तरी कोणी खोटारडा ठरत नाही. प्रत्येक वाक्याला असे तासायचे नसते. ज्या वाक्यावर कोणाची जमीन, पाणी किंवा धानाचे पैसे टेकलेले आहेत, तेवढ्याच वाक्यांसाठी ही मेहनत आहे. ठरावावर सही किंवा अंगठा उमटण्याआधी तो मोठ्याने वाचला जावा आणि सभेतल्या कोणीही, अगदी पहिल्यांदा आलेल्या सुनेनेही, तीन प्रश्न विचारावेत: यात कोण धरले? कोण वगळले? आणि मुदत कोणत्या तारखेला संपते? उत्तर मिळेपर्यंत शाईचा डबा उघडू नये.